कॅमेऱ्याचं वेड की उजेडाचं?

इचलकरंजीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी नववीत. आईचा मोबाइल हातात पडला की भिंतीवरच्या सावल्या, मुंग्यांची रांग, बादलीतल्या पाण्यातलं आभाळ असलं काहीबाही टिपत बसते. घरात दोन तट पडलेत. आजी म्हणते खूळ आहे, दहावीचं वर्ष लागलं की उतरेल. बाबा म्हणतात आवड आहे तर चांगला कॅमेरा घेऊन देऊ. ताईंनी मला विचारलंय ते असं : तुम्ही लहानपणीच्या वेडातून ह्या धंद्यात आलात, त्यावर संसार केलात, ते नेमकं कसं जमलं? आणि कॅमेरा घ्यावा का?

ताई, कॅमेऱ्याचं आधी सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. आत्ता घेऊ नका. बाकीचं सांगायला मला पन्नास वर्षं मागं जावं लागेल.

मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. वडील उद्यमनगरात लेथवर कामाला. १९७४ च्या उन्हाळ्यात, आठ वर्षांचा असताना, मला गोवर निघाला. त्या वेळी गोवराच्या पोराला उजेडात ठेवत नसत. उशाशी कडुलिंबाचा डहाळा, दारं-खिडक्या बंद, दोन वेळा पेज. रस्त्याकडच्या खिडकीच्या फळीतली लाकडाची गाठ निखळून पडली होती, हरभऱ्याएवढं भोक राहिलं होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी समोरच्या भिंतीवर मला म्हशी चालताना दिसल्या. उलट्या. पाय वर, शिंगं खाली, आणि त्यांच्या मागून गवळी, तोही डोक्यावर चालणारा. आमच्याकडे म्हशी दारात आणून समोर धार काढून देतात, त्यामुळे म्हशींचं नवल नव्हतं, त्या भिंतीवर कशा आल्या ह्याचं होतं. आईला सांगितलं तर ताप डोक्यात गेला म्हणून तिनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी मी अंथरुणातून उठून त्या भोकावर बोट ठेवलं. म्हशी गेल्या. बोट काढलं, परत आल्या. सायकलवाला रस्त्यावर उजवीकडून आला की भिंतीवर डावीकडून यायचा. गोवर उतरला तरी मी दुपारी खिडक्या लावून बसायचो आणि शिव्या खायचो.

पुढं दोनेक वर्षांनी थोरल्या बहिणीचा स्थळांना दाखवायचा फोटो काढायला आम्ही सगळे पेठेतल्या एका स्टुडिओत गेलो. तिथं तिवईवर लाकडी पेटीचा मोठा कॅमेरा, मागं काळं कापड. मालक त्या कापडात डोकं घालून बराच वेळ काहीतरी बघत होते. मी हट्ट धरला, मलाही बघायचंय. त्यांनी मला स्टुलावर उभं केलं आणि कापड माझ्या डोक्यावर टाकलं. आत दुधी काचेवर बहीण, आणि तिचा पदर सारखा करायला आलेली आई. दोघीही उलट्या. मी कापडातूनच ओरडलो, “आमच्या म्हशी!” बाहेर सगळ्यांना वाटलं मी आईला आणि बहिणीला म्हणालो. घरी गेल्यावर मार बसला तो त्याबद्दल.

पण स्टुडिओचे मालक हसले नाहीत. त्यांनी विचारलं, म्हशी कुठं बघितल्यास? मी भोकाचं सांगितलं. ते म्हणाले, “मग तुला निम्मं कळलंय. उरलेलं निम्मं पाण्यात असतंय. रविवारी ये.” त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. त्या रविवारनंतर पुढची बारा वर्षं मी त्यांच्याकडं होतो.

पाण्यात असतंय म्हणजे शब्दशः पाण्यात. पहिलं वर्षभर मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. माझं काम कॉप्या, म्हणजे कागदावर छापलेले फोटो, धुण्याचं. कॉपी हायपोतून, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या औषधातून, काढली की ती पाण्यात धुवावी लागते, आणि नुसती बुचकळून चालत नाही, पाणी बदलत राहावं लागतं. हायपोचा अंश कागदात राहिला तर फोटो आज छान दिसतो आणि काही वर्षांनी पिवळा-तपकिरी पडतो. तो राहिला की गेला हे कळायला काकांची एक युक्ती होती. विहिरीत टाकतात तो परमँगनेट, त्याचा कण पेलाभर पाण्यात टाकायचा, गुलाबी रंग येतो. त्यात धुतलेल्या कॉपीवरचं पाणी निथळून थेंब-थेंब सोडायचं. गुलाबी रंग उडाला तर हायपो शिल्लक आहे, परत धुवा. दहा-अकरा वर्षांच्या पोराला ह्यापेक्षा जादू कुठली? थंडीत बोटं बधिर व्हायची, ते वेगळं.

मग औषधं मिसळायला शिकलो. फोटो उमटवणारं औषध म्हणजे डेव्हलपर, तो तयार पाकिटातही मिळायचा, पण काका सुटी औषधं आणून सोनाराच्या काट्यावर तोलायचे. डी-७६ ह्या डेव्हलपरचं माप मला आजही झोपेतून उठवून विचारा : मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, आणि एकूण लिटरभर होईल इतकं पाणी. क्रम महत्त्वाचा. आधी सल्फाइटची चिमूट, मग मेटॉल, ते पुरतं विरघळल्यावर उरलेलं सल्फाइट. सगळं सल्फाइट आधी ओतलं तर मेटॉल विरघळतच नाही, तरंगत बसतं. मेटॉलनं माझ्या बोटांना खाज सुटायची, कातडी निघायची. आईला वाटायचं पोरगं कुठल्या कारखान्यात जातंय.

ह्याच काळातली एक चूक सांगतो, कारण ह्या धंद्याबद्दल बोलणारे लोक बहुतेक फक्त चांगले फोटो दाखवतात. मे महिना, वर्ष १९८१. फिल्म धुवायचं औषध २० अंशाला असावं लागतं, आणि आमच्या नळाचं पाणी तेव्हा तिशीला टेकलेलं. म्हणून औषधाच्या भांड्याभोवती बर्फ ठेवायचो. एका लग्नाचे तीन रोल मी थंड औषधातून काढले आणि घाईत तसेच नळाखाली धरले. फिल्मवरचा जिलेटिनचा थर थंडीतून एकदम गरमीत गेला की फुगतो आणि आकसतो. रोल वाळल्यावर बघितलं तर नवरा-नवरीच्या अंगावर सुसरीच्या कातडीसारखी जाळी. छत्तीस चौकटी, बारा-बारा प्रमाणे तिन्ही रोल. काकांनी त्या घरी जाऊन पैसे परत केले, मला बरोबर नेलं आणि बोलायला लावलं. मुलीचे वडील एकच वाक्य बोलले, “आता परत लग्न लावू काय?” ते वाक्य माझ्याबरोबर चाळीस वर्षं प्रत्येक मांडवात आलंय. आजही मी लग्नाला दोनापेक्षा कमी कॅमेरे घेऊन जात नाही आणि प्रत्येक कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात.

निगेटिव्हवर पेन्सिल मारण्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो. हे काम आता कुणी करत नाही, पण चेहरा बघायला मी तिथं शिकलो.

चेहऱ्यावरची सुरकुती फोटोत काळी दिसते, म्हणजे निगेटिव्हवर ती जागा पारदर्शक असते. तिथं टोकदार, कडक पेन्सिलीनं बारीक ठिपके-स्वल्पविराम मारले की जागा भरते आणि कॉपीत सुरकुती फिकी होते. निगेटिव्ह तिरक्या काचेवर ठेवायची, खालून आरशानं उजेड घ्यायचा, वरून डोक्यावर पुठ्ठा. पेन्सिल इतकी टोकदार की ती सँडपेपरवर सुईसारखी करून घ्यावी लागे. लग्नाच्या मुलीचा फोटो असला की मुरमं, देवीचे व्रण सगळं बुजवायचं. मी ह्यात लवकर तयार झालो आणि त्याचा मला माज आला होता.

१९८३ च्या सुमारास खेड्यातल्या एक मावशी आल्या. नवरा वारलेला, महिना झाला होता. भिंतीवर लावायला त्याचा एकट्याचा फोटोच नव्हता. आणला होता तो भजनी मंडळाचा ग्रुप फोटो, पंधरा-वीस माणसं, त्यात मागच्या रांगेत त्याचा चेहरा करंगळीच्या नखाएवढा, अर्धा पटका पुढच्या माणसाच्या वीणेनं झाकलेला. असली कामं त्या काळी प्रत्येक स्टुडिओकडं यायची. मूळ फोटो आडवा ठेवायचा, वरून कॅमेरा, दोन्ही बाजूंनी दोन दिवे पंचेचाळीस अंशांत, नाहीतर फोटोवर चकाकी येते. नवी निगेटिव्ह करायची, एन्लार्जरवर, म्हणजे फोटो मोठा करायच्या यंत्रावर, वाढवायची, मग राहिलेला पटका हातानं रंगवायचा. मी जीव लावून केलं. ओठांच्या कडेला दोन खोल रेघा होत्या, त्या नेहमीप्रमाणे बुजवल्या.

मावशी आल्या. फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “डोळं असंच व्हतं. पर ह्यो हसाय लागलाय. हसत न्हवता कवा.”

मी परत बघितलं. खरंच हसत होता. ओठांच्या कडेच्या रेघा गेल्या की चेहरा सैल पडतो, समाधानी दिसायला लागतो. काकांनी निगेटिव्ह माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, “दे त्याच्या रेघा त्याला परत.” पेन्सिल पुसून मी त्या दोन रेघा परत आणल्या, पण एकदा बुजवलेली रेघ मूळ जागी आणताना तास गेले. दुसऱ्या वेळी मावशींनी फोटो पदराखाली धरून नेला, काही बोलल्या नाहीत.

आज मोबाइल स्वतःहूनच सगळ्यांच्या रेघा पुसतो. लग्नाच्या अल्बममध्ये सगळ्या नवऱ्या एकाच साबणाच्या जाहिरातीतल्या दिसतात. असो.

आता वडिलांचं. त्यांना माझं हे प्रकरण पसंत नव्हतं. “बोटं पिवळी करून काय मिळणार?” पण आठवीत असताना मामाकडून मला जुना आग्फा क्लिक थ्री मिळाला. आपल्याकडं मध्यमवर्गीय घरांत सर्रास दिसणारा साधा कॅमेरा, १२० च्या रोलवर चौकोनी बारा फोटो, मागच्या लाल काचेतून आकडा बघत रोल पुढं सरकवायचा. बारा फोटो म्हणजे महिन्याचा खाऊ. त्यामुळे मी रोज कॅमेरा घेऊन फिरायचो आणि आठवड्यात तीनच वेळा बटण दाबायचो. बाकी वेळ नुसतं बघायचं. तुमच्या मुलीला दिवसाला दोनशे फोटो काढता येतात ह्याचा मला हेवा वाटत नाही, पण कधीतरी तिला सांगून बघा, रविवारभर बाराच.

फोटो लहान यायचे, मला मोठे करायचे होते, आणि स्टुडिओतल्या एन्लार्जरला गिऱ्हाइकांच्या कामातून सवड नसायची. एका दिवाळीच्या सुट्टीत वडिलांनी विचारलं, त्या यंत्रात असतं तरी काय? मी कागदावर काढून दाखवलं : वर दिवा, मग निगेटिव्ह, खाली भिंग, आणि भिंग वर-खाली सरकायला हवं. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. आठ दिवसांनी डालड्याच्या मोठ्या डब्यात दिवा बसवलेला, लेथवर आटे पाडून भिंग फिरतं केलेलं एक यंत्र घरी आलं. आटे इतके बारीक की भिंग केसाएवढं सरकवता यायचं. वडील म्हणाले, “बाबूराव मेस्त्रींनी ह्याच गावात सिनेमाचा कॅमेरा केला. हा तर डबा आहे.”

बाबूराव मेस्त्री म्हणजे बाबूराव पेंटर. चुलतभाऊ आनंदराव आणि ते मिळून कॅमेऱ्याच्या मागं लागले, १९१६ साली आनंदराव गेले, मग दामल्यांच्या मदतीनं बाबूरावांनी तो १९१८ च्या सुमारास पुरा केला, आणि १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ सिनेमा आला. आज खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, त्यावरून जाताना मला डालड्याचा डबा आठवतो. सुतार, लोहार, लेथवाले ह्यांच्या गावात मी वाढलो हे माझं नशीब. यंत्र उघडून बघायला आमच्यात कुणी घाबरत नसे.

धंद्याकडं वळलो तो कुस्तीमुळं. दहावीनंतर कॉमर्सला नाव घातलं होतं. एका स्थानिक वर्तमानपत्राचा माणूस काकांकडं यायचा, त्यांना खासबागेतल्या कुस्तीच्या मैदानाचे फोटो हवे असत. संध्याकाळ, धूळ, दिवे अपुरे, फ्लॅशला बंदी नाही पण पैलवान शिव्या देतात. ओर्वोची ४०० ची फिल्म औषधात जास्त वेळ ठेवून ताणायची, फोटो रवाळ यायचे पण यायचे. पहिल्या तीन मैदानांत मला एकही धड फोटो मिळाला नाही. पैलवान पडल्यावर मी बटण दाबायचो, तोवर तो उठून माती झटकत असायचा. चौथ्या वेळी मी कॅमेरा न घेता गेलो आणि एका म्हाताऱ्या वस्तादांशेजारी बसलो. ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते, “आता ढाक... आता ढाक...” आणि पुढच्या क्षणी तो डाव बसून गडी हवेत. तेव्हा कळलं की पाठ मातीला टेकायच्या आधी पायांत काहीतरी होतं, ते ओळखता आलं पाहिजे. पुढच्या मैदानात मी चेहरे सोडून पाय बघत बसलो. पैलवान अधांतरी असलेला फोटो छापून आला, त्याचे दहा रुपये मिळाले. पुण्याला फोटो पाठवायचा असला तर पाकीट रात्रीच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचं, सकाळी तिकडून कुणीतरी स्टँडवर जाऊन घ्यायचं.

तिथून पुढची वीस वर्षं एका दमात सांगता येतील, कारण ती सगळ्यांच्या धंद्यासारखीच गेली. पासपोर्ट फोटो, बारशी, मुंज, लग्न, पोलिसांबरोबर पंचनाम्याला जाऊन मृतदेहांचे फोटो, साखर कारखान्याचे वार्षिक अहवाल, फाउंड्रीच्या मालाचे कॅटलॉग. १९८८ मध्ये शाहूपुरीत स्वतःचं दुकान घातलं. रंगीत लॅब आल्या आणि डार्करूमची गरज संपली. ज्या कामात मी बारा वर्षं घातली होती ते तासाभरात मशीन करायला लागलं. मग २००५ च्या आसपास डिजिटल आलं आणि लॅबवाल्यांचं तेच झालं. आमच्या रांगेतली निम्मी दुकानं झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जकडं वळली.

मी का टिकलो असं लोक विचारतात. हुशारी नाही. कॅटलॉगचं काम. ओतीव लोखंडाचा काळा भाग काळ्यावर उठून दिसायला हवा, त्याच्यावर उजेड कुठून सोडायचा हे मला येत होतं. यंत्र बदललं तरी लोखंड तेच आणि उजेड तोच. काकांनी हे एका जागी नेऊन शिकवलं होतं. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि परत ९ ते ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायावर, मग छातीपर्यंत, मग चेहऱ्यावर. सगळे देवीकडं बघत असताना काका मला फरशीवरचा उजेड बघायला लावायचे, तो कसा सरकतो, खांबाला लागल्यावर कसा वाकतो, शेवटची दोन मिनिटं कसा तांबूस होतो. बाहेरच्या रस्त्यावर कुणी मजला चढवला तर आत किरण अडतात, त्यावरून गावात वाद होतात, ते खरे आहेत. मी कुठल्याही गावात कामाला गेलो की आदल्या दिवशी जागेवर जाऊन त्याच वेळी उभा राहतो. कोणत्या भिंतीवर किती वाजता ऊन येतं, ते वहीत लिहितो. एवढीच माझी कला.

स्वतःच्या हौसेचं काम म्हणाल तर गुऱ्हाळं. पन्हाळ्याच्या पायथ्यापासून पंचगंगेच्या काठानं मी सतरा हंगाम गुऱ्हाळघरांचे फोटो काढले. काहिलीतून वाफ उठत असते, तिच्यावर फ्लॅश मारला तर पांढरी भिंत मिळते, माणूस दिसत नाही. त्यापेक्षा वाफेच्या पलीकडं उघडं दार यावं असं उभं राहायचं, म्हणजे वाफच उजळते आणि गुळव्या तिच्यात काळ्या आकृतीसारखा उमटतो. हे समजायला मला दोन हंगाम लागले, आणि लेन्सवर बसलेली साखरेची चिकटी काढायला कोमट पाण्यातलं फडकं लागतं हे समजायला एक लेन्स. ह्या फोटोंनी मला पैसे दिले नाहीत. पण पुढं मोठ्या शहरांतली कामं आली ती हे फोटो बघून, लग्नाचे अल्बम बघून नव्हे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दुकानात छताजवळची फळी सोडून सगळं बुडालं. पाणी उतरल्यावर दोन हार्ड डिस्क मिळाल्या, त्या पुन्हा चालल्या नाहीत. निगेटिव्हचे डबे चिखलानं भरलेले. त्याच दिवशी लोक भिजलेले अल्बम घेऊन यायला लागले. काही जणांनी ते उन्हात वाळत घातले होते, आणि ते सगळ्यात वाईट. फोटो एकमेकांना चिकटलेले असताना वाळले की सोडवताना चेहरा समोरच्या पानावर निघून जातो. ताई, तुमचं गावही पंचगंगेकाठचं, म्हणून लिहून ठेवतो. भिजलेला अल्बम वाळू देऊ नका. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवा, पानं पाण्याखालीच हलक्या हातानं सुटी करा, चेहऱ्याच्या बाजूला बोट लावू नका, आणि सुटा झालेला फोटो सावलीत, तोंड वर करून फडक्यावर पसरा. हे दोन दिवसांच्या आत झालं पाहिजे, नंतर बुरशी धरते. घरच्या प्रिंटरवर काढलेले फोटो मात्र पाण्यात घालू नका, शाई निघून जाते.

माझ्या निगेटिव्ह आम्ही असंच धुतल्या, दोरीला चिमटे लावून वाळवल्या. काकांकडच्या काळातल्या कृष्णधवल निगेटिव्ह, परमँगनेटची परीक्षा पास झालेल्या, बहुतेक सगळ्या वाचल्या. त्यात मावशींच्या नवऱ्याचीही सापडली. रेघांसकट.

आता तुमच्या मुलीचं. ती सावल्या टिपते, मुंग्या टिपते, बादलीतलं आभाळ टिपते, ह्यातल्या एकाही गोष्टीत कॅमेरा नाही. तिला उजेडाचं वेड दिसतंय. असंच वेड ज्यांना यंत्राचं असतं, तेही चांगलं असतं, त्यांनी कॅमेरा दुरुस्ती, ड्रोन, व्हिडिओचं तांत्रिक काम करावं, त्यात आज पैसा बरा आहे. पण कुठलं वेड आहे ते न बघता पालक महागडी पेटी आणून देतात, आणि मग पोरगी त्या पेटीला जपण्यातच दमते.

शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या रेखाकला परीक्षा देऊ द्या. पेन्सिलीनं छायाप्रकाश काढलेला हात फोटोतही दिसतो. पुढं उपयोजित कला शिकायची तर मुंबईचं जे. जे. आहे, आपल्याकडं कोल्हापुरात कलानिकेतन आहे. सिनेमाचं छायालेखन पुण्याच्या एफटीआयआय ह्या फिल्म संस्थेत, पण तिथं आधी कुठली तरी पदवी लागते. गांधीनगरला एनआयडी ह्या डिझाइनच्या संस्थेत फोटोग्राफीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. ह्यातलं काहीही केलं तरी वर्षभर एखाद्या चालत्या स्टुडिओत उमेदवारी करावीच लागते, कारण रडणारं बारसं आणि चिडलेला मामा कॉलेजात शिकवत नाहीत.

आजींना मुलगी म्हणून काळजी असेल तर त्यांना होमाई व्यारावाला ह्यांचं सांगा. जन्म १९१३ चा, नवसारीचा, शिक्षण मुंबईत जे. जे. ला. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जायचे. तरी त्या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या, साडी नेसून, जड कॅमेरे घेऊन दिल्लीत काम केलं, आणि २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. माझ्याकडं गेल्या दहा वर्षांत शिकायला आलेल्यांत मुली जास्त टिकल्या, हे माझ्या दुकानापुरतं सांगतो.

पैशाचं खोटं बोलणार नाही. पहिली पाच-सहा वर्षं महिन्याचं गणित जुळत नाही. लग्नसराईत येतं, पावसाळ्यात जातं. मी पावसाळ्यात कॅटलॉग करायचो म्हणून घर चाललं, बायको शिक्षिका होती म्हणूनही चाललं, आणि हे फोटोग्राफर लोक मुलाखतीत सांगत नाहीत. हिशेबाची वही मुलीला आत्तापासून ठेवायला लावा. आणि एक कायद्याची गोष्ट, जी मी पन्नाशीत शिकलो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, कुणी पैसे देऊन आपल्यासाठी फोटो काढून घेतला तर वेगळा करार नसेल तोवर त्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, तुम्ही नव्हे. माझे गुऱ्हाळाचे फोटो माझे, कारण ते कुणी काढायला सांगितले नव्हते. पण एका कॅटलॉगातले माझे फोटो पुढं भलतीकडं छापलेले बघून मी भांडायला गेलो आणि कागद नसल्यानं परत आलो. काम घेताना एका पानाचा करार, मग समोर सख्खा काका असला तरी.

कॅमेऱ्यावर परत येतो. दहावी होऊ द्या. तोवर मोबाइल पुरे. दहावीनंतर जुना, हातानं सगळं बदलता येईल असा कॅमेरा घ्या आणि झूम नसलेली एकच ५० मिलिमीटरची लेन्स. जवळ जायचं असेल तर पायांनी जाईल.

पण त्याआधी ह्या रविवारी एक करा. रस्त्याकडची किंवा अंगणाकडची एक खोली निवडा. समोरच्या घरावर, झाडावर लख्ख ऊन असेल आणि तुमच्या खिडकीत थेट ऊन येत नसेल अशी वेळ धरा. खिडकीला जाड पुठ्ठा किंवा गोधडी लावून पूर्ण अंधार करा, दाराखालची फटही कापड लावून बुजवा. पुठ्ठ्याला हरभऱ्याएवढं भोक पाडा. समोरची भिंत पांढरी नसेल तर त्या बाजूला धुतलेली चादर धरा, भोकापासून पाच-सहा फुटांवर. लगेच काही दिसणार नाही. डोळे सरावायला दहा मिनिटं लागतात, तोवर दिवा लावू नका आणि मोबाइल बाहेर ठेवा. चित्र फारच पुसट आलं तर भोक किंचित मोठं करा, धूसर आलं तर कागद चिकटवून लहान करा. आजींनाही आत बसवा. आणि मुलीला आधी काही सांगू नका.